स्वस्त लॅपटॉप: हात कुठे आखडावा, कुठे नाही

बारावीचा निकाल लागला की पेडणे तालुक्यातल्या कोरगावच्या घराघरांत लॅपटॉपचा विषय निघतो. हाताशी तीस-पस्तीस हजार असतात. म्हापशाच्या दुकानात त्या किमतीचे पाच-सहा लॅपटॉप ओळीने मांडलेले असतात आणि बाहेरून सगळे सारखेच दिसतात. पण या किमतीत कंपनीने कुठेतरी पैसे वाचवलेले असतातच. ते नेमके कुठे वाचवले, हे दुकानातच ओळखायला हवं.

गोव्यात २००२ साली सायबरएज योजना सुरू झाली आणि उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक आले. ते टेबलावरचे संगणक. पेटीचे चार स्क्रू काढले की रॅमची पट्टी वाढवता यायची, हार्ड डिस्क बदलता यायची. आजच्या अनेक बारीक लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच सोल्डर करून बसवलेली असते. ती घेताना ८ जीबी असेल, तर शेवटपर्यंत ८ जीबीच. म्हणून एक नियम मनाशी धरावा: जी उणीव पुढे भरून काढता येते ती चालवून घ्यावी, जी येत नाही ती मुळातच पत्करू नये.

रॅमला एवढं महत्त्व का? रॅमकडून माहिती मिळायला सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग लागतो. एसएसडीला त्याच्या हजारपट आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला लाखपट वेळ लागतो. रॅमचं उत्तर एका सेकंदात येतं असं धरलं, तर एसएसडीचं यायला सतरा मिनिटं लागतील आणि हार्ड डिस्कचं यायला एक दिवसाहून जास्त. रॅम अपुरी पडली की संगणक तिच्यातला मजकूर डिस्कवर हलवत बसतो आणि लॅपटॉप अडखळतो. विंडोज ११ चालायला किमान ४ जीबी रॅम लागते, पण ब्राउझर, ऑनलाइन तास आणि लेखन एकत्र चालवणाऱ्या विद्यार्थ्याने ८ जीबीच्या खाली जाऊ नये. रॅम वाढवायला मोकळी खाच असेल तर उत्तमच. एसएसडी २५६ जीबीची असली तरी भागतं, कारण ती बहुतेक लॅपटॉपांत पुढे बदलता येते. मात्र अगदी स्वस्तातल्या काही लॅपटॉपांत ईएमएमसी नावाची साठवण असते. ती हळू चालते आणि बहुधा बोर्डलाच जोडलेली असते. ती टाळावी.

प्रोसेसरच्या नावावर भुलू नये. उदाहरणार्थ, रायझन ३ ७३२०यू हा प्रोसेसर २०२२ साली बाजारात आला. नावातल्या ७ मुळे तो नव्या पिढीचा वाटतो, पण त्याची झेन २ ही अंतर्गत रचना २०१९ची. नावातला तिसरा आकडा, म्हणजे २, तेच सांगतो. लेखन, वाचन, हिशेब यांना तो पुरतो; व्हिडिओ संपादनाला किंवा जड प्रोग्रॅमिंगला मात्र नाही.

आता आपल्या पावसाचं. पेडण्यात जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा बॅटरीकडे नीट पाहावं. डब्यावर ‘दहा तास’ लिहिलेलं असतं; त्याऐवजी वॅट-तासांचा आकडा शोधावा. ४० वॅट-तासांची बॅटरी आणि ८ वॅटचा वापर, म्हणजे पाच तास. पडदा उजळ ठेवून व्हिडिओ पाहिला आणि वापर १२ वॅटवर गेला, की जेमतेम सव्वातीन. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर वीसेक टक्क्यांनी घटते आणि उष्णतेत त्याहून लवकर. म्हणून बॅटरी बदलून मिळते का, हेही दुकानातच विचारावं.

पडदा नंतर बदलणं महाग पडतं. स्वस्त टीएन पडद्यावर बाजूने पाहिलं की रंग उलटेपालटे दिसतात. आयपीएस पडद्यावर तसं होत नाही. वर्षानुवर्षं ज्याच्यासमोर बसून अभ्यास करायचा, तो डोळ्यांना सोसवणारा हवा.

कुठे वाचवावं आणि कुठे नाही, याचा उत्तम धडा शेजारच्या महाराष्ट्रात आहे. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमाचे एक्सओ लॅपटॉप २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट गावच्या छोट्या शाळेत आले. त्यांचा प्रोसेसर होता ४३३ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी आणि साठवण १ जीबी. पण पडदा भर उन्हात वाचता येईल असा केला होता आणि कीबोर्ड धूळ-पाणी आत जाणार नाही असा बंदिस्त. शंभर डॉलरला लॅपटॉप देण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं नाही, तरी हात कुठे आखडायचा आणि कुठे नाही, हे तो बनवणाऱ्यांनी आधीच ठरवलं होतं.

वापरलेला लॅपटॉप घेणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. विंडोज १०ची नियमित मोफत सुरक्षा-अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. त्यांच्यावर लिनक्स चालवायची तयारी असेल तरच ती घ्यावीत.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला तीनच प्रश्न विचारा: रॅम वाढवता येते का, एसएसडी बदलता येते का, बॅटरी बदलून मिळते का? तिन्हींना ‘हो’ म्हणणारा लॅपटॉप थोडा जाड, थोडा जड असला तरी तोच घरी आणा. पदवीची वर्षं तोच सोबत करील.