लुकलुकणारे हेडलाइट : विद्युत मोटारीचा वेळीच ओळखावा असा इशारा

पावसाळ्यातील रात्री चोर्ला घाट चढताना हेडलाइट लुकलुकू लागले, की चालकाला पहिली शंका येते ती दिव्याची. विद्युत मोटारीत मात्र दोष अनेकदा दिव्यात नसून त्याला वीज पुरवणाऱ्या व्यवस्थेत असतो. ती व्यवस्था कोलमडली, तर दिव्यांबरोबर मोटारही जागीच थांबू शकते.

विद्युत मोटारीत दोन बॅटऱ्या असतात. चाके फिरवणारी मोठी बॅटरी बहुतेक मोटारींत ३०० ते ४०० व्होल्टच्या घरातील असते. दिवे, वायपर, दारांची कुलुपे आणि संगणकीय नियंत्रक यांना १२ व्होल्टची लहान बॅटरी वीज पुरवते. या लहान बॅटरीला सतत भारित ठेवण्याचे काम डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो; पेट्रोल मोटारीतील अल्टरनेटरची जागा त्याने घेतलेली असते. मोठ्या बॅटरीचा प्रवाह जोडणारे स्विचही १२ व्होल्टवरच चालतात. म्हणूनच मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असूनही लहान बॅटरी निकामी झाली, तर मोटार सुरू होत नाही.

पेट्रोल मोटारीची बॅटरी थकली, की स्टार्टर जड फिरतो आणि मालक सावध होतो. विद्युत मोटारीत असा स्टार्टरच नाही. त्यामुळे दिव्यांची लुकलुक हीच काही वेळा पूर्वसूचना ठरते.

निदानाची सुरुवात निरीक्षणाने करावी. लुकलुक केवळ मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसते आणि डोळ्यांना दिसत नाही, तर तो दोष नव्हे. अनेक एलईडी दिवे सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असतात आणि कॅमेरा ते टिपतो. एकच दिवा लुकलुकत असेल, तर त्या बाजूचा कनेक्टर, अर्थिंगची तार किंवा दिव्यातील एलईडी ड्रायव्हर तपासावा. दोन्ही दिवे एकदम मंदावत असतील आणि वायपर किंवा पंखा लावताच, अथवा उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताच हा प्रकार वाढत असेल, तर संशय १२ व्होल्टच्या व्यवस्थेवर घ्यावा. हॅलोजनच्या जागी बाहेरून घेतलेले एलईडी बल्ब बसवल्यानंतर लुकलुक सुरू झाली असेल, तर आधी मूळ बल्ब परत लावून पाहावे. बल्ब शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी काही मोटारींचा नियंत्रक सूक्ष्म विद्युत स्पंद पाठवतो. कमी वीज खाणारा एलईडी त्याने लुकलुकतो.

यानंतर मल्टिमीटर हाती घ्यावा. मोटार काही तास बंद ठेवल्यावर लेड-ॲसिड प्रकारच्या निरोगी बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. १२ च्या खालचा आकडा बॅटरी रिती झाल्याचे सांगतो. मोटार चालू अवस्थेत आणताच तो साधारण १३.५ ते १४.५ पर्यंत चढायला हवा. काही मोटारींत नियंत्रक हा दाब गरजेनुसार थोडा खाली आणतो. परंतु दिवे लावल्यावर आकडा वाढण्याऐवजी घसरतच गेला, तर कन्व्हर्टर किंवा त्याच्या जोडण्या तपासून घ्याव्यात. १२ व्होल्टची बॅटरी लिथियमची असल्यास आकडे वेगळे असतात. ते मोटारीच्या पुस्तिकेवरून पाहावेत.

अर्थिंगची परीक्षाही सोपी आहे. दिवे चालू ठेवून मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी दिव्याच्या अर्थिंगला लावावी. ०.२ व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर जोडणीत अडथळा आहे. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत नटबोल्ट आणि टर्मिनल गंजणे नित्याचेच आहे. अशा वेळी मोटार बंद करून, चार्जिंगची केबल काढून, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ऋण टोक सोडवावे. जोडणी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करावी, घट्ट आवळावी आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. ऋण टोक सोडवण्यापूर्वी चावी खिशात ठेवावी, कारण वीज तुटल्यावर विद्युत कुलुपे उघडतीलच असे नाही.

दिव्याच्या काचेआड पावसात धरलेले आणि दिवा लावल्यावर विरून जाणारे हलके धुके चिंतेचे नसते. आत पाणी साचलेले दिसले, तर मात्र सील फुटलेले असते. पुष्कळ मोटारींत मग अख्खा दिवाच बदलावा लागतो.

एक मर्यादा कोणीही ओलांडू नये. नारिंगी आवरणाच्या केबल आणि त्यांना जोडलेला प्रत्येक भाग प्राणघातक दाबाचा असतो. कन्व्हर्टरचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवावे. लहान बॅटरी मात्र साधारण तीन ते पाच वर्षांत थकते, हे लक्षात ठेवून पावसाळ्यापूर्वी तिची तपासणी करून घेतली, तर भर पावसात घाटात अडकून पडण्याची वेळ सहसा येत नाही.