गोल्फ क्लबवर एक राउंड

पहाटे साडेपाचला नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर भेटणारी माणसं नमस्कार नंतर करतात. आधी विचारतात, "किती झाले?" म्हणजे किती राउंड झाले. कुणाचा दुसरा चालू असतो, कुणाचा पाचवा. डिसेंबरातली थंडी, कानटोप्या, मफलर, तोंडातून वाफा आणि पायाखाली जॉगिंग ट्रॅकची माती. माझा पहिलाच होता. पुरवणीसाठी शहरातल्या एखाद्या जागेवर लिहायचं ठरलं, तेव्हा मी हीच जागा मागून घेतली. या मैदानाचं नाव मी लहानपणापासून ऐकत आले आणि तिथे गोल्फ खेळताना मात्र कधी कुणालाच पाहिलेलं नाही.

गोल्फमध्येही एका पूर्ण फेरीला राउंडच म्हणतात. पहिल्या होलपासून अठराव्यापर्यंत चेंडूमागून चालत जायचं. सहा-सात किलोमीटरची ती चाल असते. इथे चेंडू नाही, काठी नाही, पण चाल तेवढीच होते. दूधवाल्यापासून निवृत्त न्यायाधीशापर्यंत सगळे ती एकाच ट्रॅकवर करतात.

आदल्या संध्याकाळी मी सीबीएसवर रिक्षावाल्याला म्हटलं, "हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान." तो क्षणभर थांबला. "म्हणजे गोल्फ क्लब ना, ताई? मग तसं सांगा." त्र्यंबक रोडला जिल्हा रुग्णालय, ईदगाह मैदान, मग हे. पलीकडे तिडके कॉलनी, पुढे मायको सर्कल. शासकीय विश्रामगृहालाही गोल्फ क्लबचंच नाव चिकटलेलं आहे. पाटीवर एक नाव, तोंडात दुसरं. दोन्ही खरी आहेत आणि दोन्हींमागे या शहराचा एकेक काळ उभा आहे.

पाटीवरच्या नावाची गोष्ट नाशिककरांना पाठ असते, म्हणून थोडक्यात सांगते. २१ डिसेंबर १९०९. विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'चा प्रयोग. बदली झालेले कलेक्टर जॅक्सन निरोपाच्या प्रयोगाला आले होते. अनंत लक्ष्मण कान्हेरे नावाच्या, शिक्षण सुरू असलेल्या कोवळ्या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात अनंतराव, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना फाशी झाली. शहराने साहेबांच्या खेळाची ही जागा अनंतरावांच्या नावे केली. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. ज्या हिरवळीवर एतद्देशीय माणूस बहुधा साहेबाची पिशवी वाहणारा कॅडी म्हणूनच पाऊल टाकत असेल, त्या जागेला त्या मुलाचं नाव असावं हे न्यायाचंच आहे.

तोंडातल्या नावाची गोष्ट मात्र कुणालाच नीट ठाऊक नाही. मी सकाळी दहाबारा जणांना विचारलं. "इंग्रज खेळायचे," एवढ्यावर सगळे थांबले. एका आजोबांनी भर घातली, "फार नावाजलेलं होतं म्हणतात." ते खरं आहे. रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब हा पश्चिम हिंदुस्थानातला मानाचा क्लब, आणि तो मुंबईत किंवा पुण्यात नव्हता, नाशकात होता. नुसत्या जिल्ह्याच्या गावाला 'रॉयल' बिरुदाचा क्लब मिळणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

गोल्फ हिंदुस्थानात फार लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, म्हणजे ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईचा १८४२ चा. पुढे नाशिककडे साहेबांची पावलं का वळली हे समजायला फार खोलात जावं लागत नाही. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर आली आणि मुंबईचा माणूस काही तासांत घाटमाथ्यावर पोचू लागला. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंच, हवा कोरडी, रात्री गार. शेजारी देवळालीची छावणी. मुंबईच्या घामट हवेतून आलेल्या माणसाला इथली सकाळ म्हणजे औषधच. पुण्याला सरकारी शिष्टाचार फार, महाबळेश्वर पावसात बंद. नाशिक मधल्या मध्ये सोयीचं.

पण या मातीत गोल्फ खेळणं सोपं नव्हतं. स्कॉटलंडमध्ये हा खेळ समुद्रकाठच्या ओलसर, वाळूच्या, गवताळ जमिनीवर वाढला. दख्खनच्या पठारावर पाऊस चार महिने, उरलेले आठ महिने ऊन. दिवाळीपर्यंत गवत पोटरीला लागतं आणि शिमग्यापर्यंत जमीन तव्यासारखी होते. अशा जमिनीवर पडलेला चेंडू थांबत नाही, उसळी घेऊन कुठल्या कुठे जातो. मुरमाच्या एखाद्या खड्यावर आपटला तर त्याची दिशाच बदलते. होलभोवतीची नाजूक हिरवळ पाण्यावाचून टिकत नसे, म्हणून देशातल्या अनेक कोरड्या मैदानांवर तिथे तेल घालून दाबलेल्या वाळूचं वर्तुळ करत. त्याला 'ब्राउन' म्हणत. तिथे चेंडू ढकलायचा तर मनगटाचा हिशेबच वेगळा. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे आपल्या पाणी प्यायच्या तांब्याच्या तोंडाहून फारसा मोठा नाही. त्यात शेकडो यार्डांवरून निघालेला चेंडू मोजक्या फटक्यांत घालायचा.

अठरा होलच्या मैदानाला शंभर एकरांहून अधिक जागा सहज लागते. आज कुंपणाच्या आत जे उरलं आहे ते त्यापुढे तळहाताएवढं. पण भर शहरात, रुग्णालय आणि वसाहतींच्या गराड्यात, एवढा सलग आकाशाचा तुकडा शिल्लक राहिला तो त्या खेळामुळेच.

उजाडता उजाडता मी क्रिकेटच्या बाजूला गेले. इथे रणजीचे सामने होतात. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राने बडोद्याला इथेच हरवलं. त्या सकाळी मात्र आत एकच माणूस होता. साठीचा, अंगात स्वेटर, डोक्याला टॉवेल, पाय अनवाणी. खेळपट्टीवर उकिडवा बसून तो मातीत किल्ली खुपसत होता. कुलपाची साधी किल्ली. खुपसायची, हळूच काढायची, तिला लागलेली माती बोटांत चोळायची, दोन पावलं पुढे सरकायचं. मी बराच वेळ नुसती पाहत उभी राहिले. शेवटी विचारलं, "काका, किल्लीने काय बघता?"

"ओल बघतो ताई. वरून कोरडी दिसती, पण आत दोन बोटं ओल पायजे. किल्ली सहज गेली तर रोलर फिरवायचा नाही, माती चिकटून येती. जाईचना तर उशीर झाला. थोडी अडून गेली पायजे."

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी खुपसली. अडली, मग गेली. "बरोबर," ते म्हणाले, "आता नऊच्या आत रोलर."

खेळपट्टी बावीस यार्डांची. तिच्यासाठी काळी माती चाळून घेतात, थर देतात, पाणी मारतात, दाबतात, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. हे असं दिवसचे दिवस चालतं. या माणसाचा वडिलोपार्जित धंदा शेतीचा. काळ्या मातीची भेग कधी पडते, ती कशी भरते, हे त्यांना बांधावर शिकायला मिळालं. ते म्हणतात, शेतात माती फुगवायची असते, इथे बसवायची, माती तीच. मग त्यांनी खेळपट्टीच्या कडेची गवताची एक कांडी उपटून दाखवली. "ओळखा."

मी ओळखली. हरळी. गणपतीला आपण वाहतो ती दूर्वा.

"हीच. बाहेरून कुणी आलं की बर्म्युडा, बर्म्युडा म्हणतं. मी म्हणतो, हरळी म्हणा. शेतकरी हिला शिव्या देतो, कारण मारून मरत नाही. मला तीच पायजे. वरून वाळली तरी कांडीत जीव राहतो."

घरी येऊन मी पडताळून पाहिलं. काका बरोबर होते. उष्ण देशांतल्या गोल्फच्या मैदानांवर जे बर्म्युडा गवत लावतात, ते म्हणजे आपलीच हरळी, तिच्या निवडलेल्या, सुधारलेल्या जाती. साहेब गेला, त्याचा खेळ गेला, क्लबचे सभासद गेले. गवत मात्र इथलंच होतं, ते राहिलं.

काकांबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांच्या सायकलला एक काठी बांधलेली असते आणि काठीच्या टोकाला जुन्या स्पीकरमधलं चुंबक. मैदानाच्या मोकळ्या भागात राजकीय सभा होतात, प्रदर्शनं भरतात, मोर्चे इथे जमून पुढे जातात. शहराला अशी जागा लागतेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मांडव उठला की खांबांचे खड्डे तसेच राहतात आणि गवतात खिळे राहतात. त्या बाजूचं काम काकांकडे नाही. तरी मांडव उठल्याच्या दुसऱ्या दिवशी ते चुंबकाची काठी घेऊन तिथे फिरतात. मी गेले त्या दिवशी त्यांच्या डब्यात मूठभर खिळे होते, काही गंजलेले, काही कोरे. "पोरं अनवाणी पळत्यात," एवढंच ते म्हणाले.

ती पोरं मी पाहिली. सहाच्या सुमाराला पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडची मुलंमुली येतात. पोलीस भरतीची तयारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. शहरात खोली घेऊन चौघीचौघी राहतात. एकीच्या पायात बूट होते, तिची धाव झाली की ते मैत्रिणीच्या पायात जात होते. चार किलोचा गोळा ओढणीत बांधून आणलेला. याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं ब्राँझ जिंकलं. या मुलींना ते नाव कुणी सांगावं लागत नाही. त्यातल्या एकीला मी विचारलं, इथे गोल्फ खेळायचे हे माहीत आहे का? "गोल्फ म्हणजे तो काठीचा ना?" ती म्हणाली आणि घड्याळ लावून पुन्हा पळायला गेली.

गोल्फ नाशकातून पुरता गेला असं नाही. देवळालीच्या लष्करी हद्दीत तो आहे, पण तिथे सामान्य माणसाचं जाणं होत नाही. मला त्याची खंत नाही. खंत आहे ती स्मृतीची. अख्ख्या मैदानाला फेरी घालून मी एक तरी फलक शोधला, ज्यावर लिहिलं असेल की इथे कोणता क्लब होता, कोण खेळत होते, पिशव्या वाहायला आसपासच्या कुठल्या वाडीतली माणसं येत होती, आणि मग ही जागा अनंतरावांच्या नावे कशी झाली. मला तो सापडला नाही. त्या कॅडींची नावं तर आता कुठल्याच वहीत मिळायची नाहीत. पण त्यांची नातवंडं, पणतवंडं याच शहरात असणार. कुणाच्या माळ्यावर एखादी जुनी काठी, एखादा फोटो पडलेला असणार. अजून विचारलं तर हाती काही लागेल, दहा वर्षांनी तेही लागणार नाही.

दुसरी काळजी जागेची. जुन्या नाशिकची मोकळी मैदानं एकेक करून कमी होत गेली, हे माझ्या वयाच्या प्रत्येकाने पाहिलं आहे. कुठे वाहनतळ झाला, कुठे संकुल. ट्रॅकवर चालणारे एक काका म्हणाले, "आम्ही रोज येतो ना, म्हणून हे टिकलंय." मला ते पटलं. ज्या जागेत रोज पहाटे हजार पावलं पडतात, तिथे कुदळ मारायला हात सहजी धजत नाही.

साडेसातला ऊन ट्रॅकवर आलं. माझे तीन झाले होते. खेळपट्टीवर काकांनी रोलर जोडला होता आणि दोन पोरं तो ढकलायला धावत आली होती.

२०२७ च्या सिंहस्थाची कामं शहरभर निघाली आहेत. रस्ते रुंद होतील, चौक बदलतील, ते व्हायलाही हवेत. ज्यांच्या हाती हे आहे त्यांना एवढीच विनंती, की गोल्फ क्लबचं कुंपण आहे तिथेच राहू द्यावं, एक इंचही आत सरकवू नये, आणि फाटकापाशी दोन्ही नावांची गोष्ट सांगणारा एक फलक मराठीत लावावा. आणि तुमच्या घरात त्या क्लबचा जुना फोटो, काठी किंवा आजोबांनी सांगितलेली एखादी आठवण असेल, तर वाचकहो, ती या पुरवणीच्या पत्त्यावर जरूर कळवा.