छपराच्या फटीतून कोण ये-जा करतं?

मे महिन्याच्या दुपारी माळ्यावर चढून पाहिलंय कधी? वर्धा जिल्ह्यातल्या रोहण्यात तेव्हा पारा 45 अंशांच्या आसपास असतो. खाली सारवलेल्या जमिनीवर आजी निवांत झोपलेली, आणि वर माळ्यावर मात्र दोन मिनिटं थांबवत नाही! कवेलू उन्हानं तापतात, त्यांच्याखालची हवा तापते. तापलेली हवा फुगते, हलकी होते आणि छपराशी जमते. मग कवेलूंच्या फटींतून हळूच बाहेर सटकते. चुलीचा धूरही त्याच वाटेनं जातो.

आता घरात कूलर लावा. कूलरच्या ताट्यांतलं पाणी उडून जाताना हवेतली उष्णता ओढून घेतं. किती? एक लिटर पाणी उडालं, तर तेवढ्या उष्णतेत सात लिटर साधं पाणी उकळीपर्यंत तापवता येईल! मला हा आकडा दर वेळी थक्क करतो. पण कूलर बाहेरची हवा सतत आत ढकलतो. तिला निघायला वाट नसली, तर खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं. म्हणून कूलरच्या समोरची खिडकी थोडी उघडी हवी. इथे फट आपली मैत्रीण.

एसी लावला की सगळं उलटं! एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो. गार हवा जड, ती दाराखालच्या फटीतून निसटते. तिच्या जागी हवा येते कुठून? छताला भोकं असतील तर वरच्या माळ्यावरची, तीच तापलेली! पंख्याच्या हुकाभोवतीची फट, वायरीचं भोक, भिंत आणि छत यांच्यामधली भेग, सगळीकडून ती झिरपते. एसी बिचारा धावतच राहतो आणि वीजबिल वाढतं. थंड देशांत हिवाळ्यात याच भोकांतून घरातली ऊब वर निघून जाते, म्हणून तिथले लोक माळ्याच्या तळाच्या फटी शोधून शोधून बुजवतात.

फट कशी शोधायची? मोठ्या माणसाला सोबत घ्या, पंखा बंद करा आणि पेटती उदबत्ती दारा-खिडकीच्या कडेनं हळूहळू फिरवा. पडदे, कापूस यांपासून लांब हं! धूर सरळ वर गेला तर तिथे वारा नाही. तो एकदम वाकला, थरथरला, की समजा, सापडली. दाराखाली जुन्या कापडाची गुंडाळी लावा, छताची भेग मोठ्यांकडून भरून घ्या.

पण ज्या खोलीत चूल किंवा शेगडी पेटते, तिथली एकही फट बुजवायची नाही. जळणाऱ्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि कोंडला तर तो जीव घेतो. त्याला बाहेर पडायला वाट हवीच.