जखडलेला ब्रेक आणि काही रूढ समजुती

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला, की जुन्या व्हॅनचे चाक जखडल्याचा सारा दोष उन्हाच्या माथी मारण्याचा प्रघात आहे. वस्तुतः डॉट-३ प्रतीच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो; त्यापुढे हे ऊन नगण्य होय. खरा अपराधी पाणी आहे. हे ऑइल ग्लायकॉलवर्गीय असल्याने वर्षानुवर्षे हवेतील बाष्प शोषून घेते, त्या बाष्पाचे पाणी होऊन पुढच्या चाकांच्या कॅलिपरमध्ये आणि मागच्या ड्रममधील व्हील सिलिंडरांत गंज धरविते, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत रुजलेल्या या विकाराची तक्रार पुष्कळदा उन्हाळ्यात उघडकीस येते. १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ या नावाने अवतरलेल्या ओम्नीचे उत्पादन २०१९ साली थांबले; त्यामुळे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी या विकाराच्या वयात आलेली आहे.

चाक जाम म्हणजे पिस्टनच जाम, ही दुसरी समजूत अधिक खर्चाची, कारण तिच्यापायी निर्दोष कॅलिपर बदलले जातात. गाडी सपाट जागी उभी करून, इतर चाकांना दगड लावून, जखडलेले चाक उचलावे आणि ब्रेकचे निपल किंचित सैल करावे. तत्क्षणी चाक मोकळे झाले तर दाब आत कोंडला होता असे निश्चित समजावे; बाहेरून धडधाकट दिसणारा रबरी होज आतून फुगला, म्हणजे पायाच्या जोराने ऑइल पुढे जाते, परंतु परत येत नाही. तोच दोष अनेक चाकांत असेल तर संशय मास्टर सिलिंडरवर घ्यावा. निपल सैल करूनही चाक हलत नसेल, तेव्हाच गंजलेला पिस्टन, कॅलिपरच्या पिना किंवा हँडब्रेकची केबल यांची झडती घ्यावी.

डिझेल, इंजिन ऑइल वा साधे ग्रीस सोडून भाग मोकळे करण्याची रीत मात्र सर्वथा त्याज्य मानली पाहिजे. खनिज तेलाने ब्रेकमधील रबरी सील फुगतात, आणि आज सुटलेला पिस्टन काही दिवसांत पुन्हा अडकतो. पिनांना ब्रेकसाठीचेच सिलिकॉन ग्रीस लागते. तेलाने भिजलेले लायनर पुसून परत बसवू नयेत. अडकलेला पिस्टन काँप्रेसरच्या हवेने उडविण्यात बोटे चिरडण्याचे भय आहे, म्हणून समोर लाकडी ठोकळा धरून, पेडलच्याच दाबाने तो हळूहळू बाहेर आणावा. ड्रममधील भुकटीही हवेने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, तेव्हा ती ओल्या फडक्यानेच टिपावी.

हँडब्रेक न वापरल्यास केबल सुरक्षित राहते, असे मानणारेही पुष्कळ आहेत. वापर नसलेली केबलच आतून गंजते. हँडब्रेक रोज ओढावा. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर मात्र हँडब्रेक सोडून, गिअर टाकून, चाकांना दगड लावावेत, नाहीतर ब्रेक शू ड्रमला चिकटतात.

ज्या व्हॅनमधून शाळेच्या मुलांची रोज ने-आण होते, तिच्या बाबतीत ‘एकच चाक उघडा’ असा आग्रह मालकाने मिस्त्रीकडे धरू नये. एका आसावरील दोन्ही चाकांचे काम एकाच वेळी व्हावे, जुने ऑइल संपूर्ण काढून नवे भरावे आणि एअर काढल्यानंतर, गर्दी नसलेल्या रस्त्यावर चाचणी घेऊन, डावे व उजवे चाक सारखेच तापते की नाही, हे जवळ हात नेऊन पाहावे.