माजघरातला धंदा आणि माकणीची तूर

लोहारा तालुक्यातली तूर जानेवारीत खळ्यावरून निघते आणि लातूरच्या बाजाराची वाट धरते. तिथल्या मिलमध्ये तिची डाळ होते आणि पाडव्याच्या आसपास तीच डाळ तालुक्यातल्याच माकणी गावच्या किराणा दुकानात परत येते. येताना तिच्यावर आडत, हमाली, दोन वेळचं भाडं, मिलवाल्याचा नफा आणि दुकानदाराचा नफा असं सगळं चढलेलं असतं. पिकवणाऱ्याच्या घरात ती विकत आणलेली डाळ शिजते. गावाशेजारी तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण आहे, पण तालुक्यातली बरीचशी शेती आजही पावसावरच चालते. अशा कोरडवाहू शेतकऱ्याला प्रक्रिया उद्योगाचं प्रशिक्षण द्यायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं, हा या लेखाचा विषय आहे.

कल्पना जुनी आहे. १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी ‘चतुरंग शेती’ मांडली: सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. सीताशेती म्हणजे बाईने आपल्या हाताने, बाहेरून फारसं काही विकत न आणता केलेली शेती. माजघर शेती म्हणजे माल कच्चा न विकता त्यावर घरीच प्रक्रिया करणं. भावासाठी रस्ता अडवणाऱ्या संघटनेचा नेता डाळ-पोह्यांबद्दल बोलू लागला, याचं तेव्हा अनेकांना नवल वाटलं असेल. जोशींच्या मांडणीतला हा धागा आंदोलनांच्या गदारोळात मागे पडला, असं माझं मत आहे. आज सरकारी योजनांच्या पुस्तिकांत ‘मूल्यवर्धन’ म्हणून जे छापलं जातं, त्याचा मोठा भाग तिथे आधीच होता.

माकणीच्या पट्ट्यात मात्र या कामाची सुरुवात वेगळ्याच वाटेने झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. सुमारे दहा हजार माणसं गेली. सास्तूर आज लोहारा तालुक्यातच आहे, माकणीपासून जवळ. पुनर्वसनाच्या काळात लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतल्या बाराशेहून अधिक गावांत घरदुरुस्तीच्या कामात लोकसहभाग उभा करण्याची जबाबदारी प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे आली. संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केलं. घरमालकाला अनुदानाचा हप्ता समजावणं, सिमेंट-लोखंडाचा हिशेब ठेवणं, इंजिनिअरला अडवून प्रश्न विचारणं अशी ती कामं होती. ज्यांना तोवर ग्रामसभेत कोणी बसू दिलं नव्हतं, त्या बायका सरकारी कागद वाचू लागल्या. पुढे बचत गट झाले, गटांतून छोटे धंदे निघाले. माझ्या मते मराठवाड्यातलं उद्योजकतेचं पहिलं मोठं प्रशिक्षण ते होतं, आणि त्यात ‘उद्योजकता’ हा शब्द कोणी वापरला नव्हता.

२०१२ नंतर दुष्काळाची वर्षं आली. त्या काळात याच संस्थेने ‘एक एकर’ची पद्धत रुजवली. बाईने घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचा आणि त्यात नगदी पिकाऐवजी भाजीपाला, ज्वारी, कडधान्यं अशी खाण्याची पिकं मिसळून घ्यायची. खत घरचं, पाणी बेताचं. आधी घर खाणार, मग उरलेलं विकायचं. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार संस्थेला मिळाला. प्रेमा गोपालन २०२२ मध्ये गेल्या. त्याच वर्षी महिला दिनी संस्थेशी जोडलेल्या, धाराशिव तालुक्यातल्या हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. बांगड्या विकण्यापासून सुरुवात करून त्यांनी कोंबडीपालनाचा धंदा उभा केला आणि इतर बायकांनाही त्यात आणलं.

‘आधी घर खाणार’ हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. घरात खाल्लेला माल कसा टिकतो, कधी खवट होतो, पोरं काय ताटात टाकतात, हे बाईला कोणत्याही वर्गात न जाता कळलेलं असतं. शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी कशी करायची हे लोहाऱ्यात कोणी कोणाला शिकवायला नको. शिकवायचं असतं ते पुढचं: शेंगदाणे सगळे सारखे कसे भाजायचे, गरम चटणी पाकिटात भरली की आत घाम का धरतो, पाकिटावर वजन, महिना, घटक आणि किंमत कशी छापायची. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरेशी ठरवली आणि तिची फी वर्षाला १०० रुपये ठेवली. या शंभर रुपयांच्या कागदाची भीतीच प्रत्यक्ष खर्चापेक्षा मोठी असते.

तुरीचं काम चटणीपेक्षा अवघड. पूर्वी तूर भिजवून, लाल माती चोळून, वाळवून जात्यावर भरडत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल आली तेव्हा जात्याचे कष्ट गेले, पण कौशल्य गेलं नाही. तूर आधी चाळून एकसारखी करायची, खरबरीत रोलवर तिची साल ओरखडायची, किंचित तेल चोळून रात्रभर ढीग ठेवायचा, दोन-तीन दिवस ऊन द्यायचं, मग पुन्हा मिलमध्ये घालायची. ऊन कमी पडलं तर साल चिकटून राहते, जास्त झालं तर दाणा फुटून चुरा होतो. नीट जमलं तर क्विंटलला सत्तर किलोच्या आसपास डाळ मिळते. बाकी टरफल आणि चुणी जनावरांच्या दावणीला जाते.

आता हिशेब. २०२४-२५ चा तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता. सत्तर किलो डाळ धरली तर नुसत्या तुरीपोटीच किलोला १०८ रुपये पडले. वीज, तेल, मजुरी, पाकीट आणि उधारी यापुढे. तूर स्वस्त असते ती सुगीत, डाळ विकायची असते ती वर्षभर. म्हणजे वर्षाचा कच्चा माल जानेवारी-फेब्रुवारीत घेऊन ठेवता आला, तरच गावची मिल लातूरशी टिकते.

२०२० साली केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी पाच वर्षांची, १०,००० कोटींची योजना आणली. तिच्यात प्रशिक्षण होतं आणि यंत्रसामग्रीच्या खर्चावर ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांचं अनुदान होतं. खेळत्या भांडवलावर ते मिळत नव्हतं. बचत गटांसाठी मात्र सदस्यामागे ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल ठेवलं होतं. दहा जणींच्या गटाला चार लाख झाले. सगळे तुरीत घातले तरी वरच्या हमीभावाने ५३ क्विंटल येते. दिवसाला तीन क्विंटल भरडली तर अठरा दिवसांत कोठार रिकामं. उरलेले महिने यंत्र झाकून ठेवायचं का, हा प्रश्न प्रशिक्षणाच्या वर्गात यायला हवा.

राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात तूर ठेवली की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने मिळते. विकणाऱ्याला थांबायची ताकद देणारी ही चांगली योजना आहे. पण गोदामात कुलपाखाली असलेली तूर भरडता येत नाही, त्यामुळे डाळ करणाऱ्या गटाच्या ती कामाची नाही. बँकेकडे जावं, तर तारणाला सातबारा लागतो आणि त्यावर बहुधा नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं नाव असतं. शरद जोशींच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेने थोडी जमीन बायकोच्या नावे करायला सांगितलं होतं, ते या धंद्याच्या दृष्टीनेही अडलेलं काम आहे. एक एकर कसायला मिळाला म्हणून तो कर्जाला चालत नाही.

म्हणून माकणीसारख्या गावात प्रशिक्षणाची तुकडी डिसेंबरात बसवावी असं मला वाटतं. पहिले दोन दिवस हिशेबाचे ठेवावेत आणि त्या वर्गात बँकेच्या शाखेतला माणूस बसलेला असावा. गटाची खेळत्या भांडवलाची मर्यादा संक्रांतीच्या आत मंजूर व्हावी, म्हणजे शिकण्यासाठीची तूर बाहेरून आणावी लागणार नाही. ती सदस्यांच्याच खळ्यावर असेल, आणि गट ती लातूरच्या त्या दिवसाच्या भावाने रोख देऊन घेईल.