औषध एक, सरकारे अनेक

पुष्कळ औषधांच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत एक सूचना छापलेली असते : ‘३० अंशांहून कमी तापमानात ठेवावे.’ आपण ती क्वचितच वाचतो. आजच्या विषयातला निम्मा वाद त्या एका आकड्यात आहे.

१९९० साली युरोप, अमेरिका व जपान येथील औषधनियंत्रक आणि कारखानदार ब्रुसेल्सला जमले. औषध एकच, पण प्रत्येक देशाच्या चाचण्या निराळ्या, कागद निराळे. तेव्हा नियम सारखे करावेत, हा त्यांचा हेतू. तो रास्तच होता. परंतु औषध किती काळ टिकते हे पाहण्यासाठी त्यांनी पुढे जी हवा प्रमाण धरली, ती २५ अंश उष्णतेची व ६० टक्के आर्द्रतेची. आपल्या कोकणातल्या जूनशी तिचा काय संबंध? आग्नेय आशियातील राष्ट्रांनी मग ३० अंश व ७५ टक्के ही आपली कसोटी धरली. जागतिक आरोग्य संघटनेनेही ती मान्य केली. नियम एक हवा खरा, पण तो कोणाच्या घरच्या हवेवरून बेतायचा, हे आधी विचारले पाहिजे.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. झांबिया, झिम्बाब्वे, बोत्स्वाना व नामिबिया यांनी २०१३ साली औषधांच्या अर्जांची तपासणी मिळून करावयास आरंभ केला. चौघांची आद्याक्षरे जोडून या उपक्रमाचे नाव पडले ‘झाझिबोना’! तज्ज्ञ थोडे, अर्ज फार, अशी त्यांची अडचण. म्हणून एका देशाने अर्ज तपासावा, दुसऱ्याने तो पडताळावा, मग सर्वांनी बसून मत ठरवावे. कारखान्यांची पाहणीही मिळून होते. तिकडची बरीच औषधे आपल्या देशातून जातात, त्यामुळे ही व्यवस्था आपल्यालाही परकी नाही.

परवाना मात्र ज्याचे त्याचे सरकार देते. गोळी शुद्ध आहे की नाही, याचे उत्तर चारही देशांत एकच येणार. ती सरकारी दवाखान्यात ठेवावी का, तिजोरीला परवडेल का, हे प्रत्येकाने आपले रोगी व आपला पैसा पाहून ठरवावयाचे. युरोपातही मध्यवर्ती परवाना सर्व सदस्य देशांत चालतो, पण किंमत व सरकारी खर्च यांचा निर्णय देशोदेशी निराळा होतो.

एकत्र मत ठरल्यावरही कागद राजधानीच्या कचेरीत महिनोन्‌महिने रेंगाळतो, हे झाझिबोनातही घडले आहे. त्या दिरंगाईला स्वायत्तता म्हणण्यास मी तयार नाही. औषधाची वाट पाहणाऱ्या रोग्याला त्या शब्दाचा काय उपयोग?

२०२१ च्या नोव्हेंबरात आफ्रिकी औषध संस्थेचा करार अमलात आला. तिचे ठाणे रुवांडातील किगाली येथे आहे. राष्ट्रीय नियंत्रक मात्र तिने मोडीत काढलेले नाहीत. ते आपापल्या जागी आहेत.