स्पोर्ट्स कारचा विमा : घासाघीस नेमकी कुठे करायची?

भूममध्ये खव्याचा धंदा असो की मोबाईल शॉपी, हौसेची गाडी घेताना विम्याचा हिशोब आधी मांडा.

१ जून २०२२ च्या दरपत्रकानुसार १५०० सीसीवरच्या पेट्रोल-डिझेल खासगी गाडीचा वार्षिक थर्ड पार्टी प्रीमियम कर सोडून ७,८९७ रुपये. स्पोर्ट्स कार असो की स्कॉर्पिओ, दर तोच! घासाघीस करायची ती ओन डॅमेजमध्ये.

पण आयडीव्ही पाडून पैसे वाचवू नका. गाडी चोरीला गेली तर भरपाई त्यावरच ठरते, नाहीतर भांडवलाला हात लागतो. तीन कोटेशन मागवा, आयडीव्ही सारखी ठेवून तुलना करा.

जुनी गाडी विकताय? नो क्लेम बोनस मालकाचा असतो, तो नव्या गाडीला लावा. ओन डॅमेजवर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले, की बोनस गेलाच समजा!